सेल क्रमांक सात

ग्रंथपालांच्या घरात कुणाला सेल हवा असेल, तर सही करावी लागे. दिवाणखान्यातल्या कपाटात निळ्या पुठ्ठ्याचं एक रजिस्टर होतं आणि त्यात दिनांक, घेणाऱ्याचं नाव, कारण, परतीची तारीख आणि शेरा असे रकाने आखलेले होते. सेल म्हणजे बोटाएवढे, हिरव्या रंगाचे, पुन्हा पुन्हा चार्ज होणारे. एकतीस वर्षं ग्रंथालयात काढली की वस्तू आणि तिची नोंद यांत माणसाला फारसा फरक वाटेनासा होतो. "ह्यांनी लग्नाची नोंद आधी केली आणि मला नंतर पाहिलं," असं बायको सांगत असे. हे खरं नव्हतं, पण ऐकणाऱ्याला ते लगेच पटायचं.

सेल लागत ते रेडिओसाठी. गाणी ऐकायचा रेडिओ नव्हे. ग्रंथपालांकडे हौशी रेडिओचा रीतसर परवाना होता, आणि दर रविवारी सकाळी अकराला ते पितळी चावी टकटक दाबून, टिंबं आणि रेघा पाठवून, दूर समुद्रकाठच्या एका निवृत्त दीपगृहवाल्याशी गप्पा मारत. चौदा वर्षं हे चाललं होतं. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं, एकमेकांचा आवाजही ऐकला नव्हता. पण दीपगृहवाल्याचा गुडघा कुठल्या जिन्यावर दुखतो ते ग्रंथपालांना माहीत होतं, आणि ग्रंथालयातलं कोणतं पुस्तक कोण परत करत नाही ते दीपगृहवाल्याला. गप्पा संपल्या की तो एक टिंब पाठवी आणि ग्रंथपाल उत्तराला एक टिंब देत. मग दोघं आपापल्या जेवणाला उठत. बायको त्याला टकटक भावजी म्हणे.

एका रविवारी टकटक भावजींनी कळवलं की, येता रविवार शेवटचा. मुलाने त्यांना आपल्याकडे राहायला बोलावलं होतं, दहाव्या मजल्यावर, आणि त्या इमारतीत कुणालाही अँटेनाची तार ताणू देत नाहीत. साडेअकराला मुलगा तारेचा खांब उतरवणार, खाली सामानाची गाडी उभी असणार. म्हणजे अकरा ते साडेअकरा एवढाच वेळ.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात ग्रंथपालांच्या इमारतीला रंग द्यायचं काम निघालं. मंगळवारी रंगाऱ्याने गच्चीवरची त्यांची तार काढली, नीट गुंडाळली आणि दाराला अडकवून ठेवली. "महिनाभर तरी लागणार नाही परत," तो म्हणाला आणि शिट्टी वाजवत शिडी चढला.

ग्रंथपालांच्या तोंडचं पाणी पळालं. बायको शाळेत खेळाची शिक्षिका असल्यामुळे तिला संकटात मैदान दिसतं. ती म्हणाली, "पाण्याच्या टाकीमागच्या टेकडीवर जाऊ. तिथे झाड आहे. तार मी फेकते, तुम्ही टकटक करा."

"आणि वीज?"

"इतके सेल सांभाळता ते कशासाठी?"

प्रश्न बिनतोड होता, तरी ग्रंथपालांनी दोन दिवस विचार केला. मागे एकदा स्कूटरची बॅटरी पाठीवर घेऊन ते त्याच टेकडीवर गेले होते. बॅटरी उत्तम चालली, ते स्वतः आठ दिवस अंथरुणात होते. नंतर मेहुण्याच्या सल्ल्याने हलकी लिथियमची बॅटरी आणली. तिच्यासोबत सुरक्षिततेची अकरा पानी पुस्तिका होती, आणि ग्रंथपाल पुस्तिका वाचणाऱ्यांपैकी होते. पाचव्या पानावर त्यांनी बॅटरी बाल्कनीत नेली, आठव्या पानावर शेजारी वाळूची बादली ठेवली आणि अकराव्या पानानंतर ती दुकानात परत दिली. राहिले ते हिरवे सेल. वजनाला बरे, स्वभावाने शांत.

अट एकच. रेडिओला दहा सेल एकामागे एक जोडावे लागतात, आणि दहाही सारख्या वयाचे, सारख्या ताकदीचे हवेत. एक जरी अशक्त निघाला, तर बाकीचे नऊ त्याच्या छाताडावर बसतात आणि सगळा संच खाली येतो. म्हणून ग्रंथपालांनी नवे दहा सेल वेगळे ठेवले होते. आधीचे दहा थकल्यावर त्यांनी 'बाद' असा शिक्का मारून ते घरखर्चाला सोडले. जुने-नवे एकाच दुकानातले, एकाच रंगाचे. पण ग्रंथपालांना त्याची काळजी नव्हती, कारण नव्या सेलांसाठी दहा खणांचा डबा होता आणि प्रत्येक खणावर क्रमांक होता. सेलावर क्रमांक का नाही, असं बायकोने एकदा विचारलं होतं. "सेलावरची चिठ्ठी सुटते," ते म्हणाले. "खण कुठे जात नाही." ग्रंथालयात हे चालून जात असेलही, कारण पुस्तकाला पाठीवर नाव असतं.

शुक्रवारी संध्याकाळी चार्जिंग सुरू झालं. झटपट चार्जर ग्रंथपालांना मंजूर नव्हता; घाईने भरलेला सेल घाईने रिकामा होतो, असं त्यांचं मत. त्यांचा चार्जर सोळा तास घेई. तेवढा वेळ त्या खोलीत मिक्सर नाही, इस्त्री नाही, आणि दर तासाला ग्रंथपाल येऊन तापकरी मुलाच्या कपाळाला लावावी तशी सेलांना पालथी बोटं लावून बघत. शनिवारी सकाळी दहाही सेल खणांत गेले. ग्रंथपाल कामावर गेले आणि दिवसभर वाचकांशी चक्क हसून बोलले.

रविवारी निघताना ग्रंथपालांची आई चपला घालून दारात उभी.

"तू कुठे?"

"तुमच्याबरोबर. डॉक्टरांनी मोकळ्या हवेत बस म्हणून सांगितलंय. आणि अकराला प्रेशर बघायचं असतं, ते तिथेच बघीन. मशीन घेतलंय पिशवीत."

"आई, तिथे मला काम आहे."

"मग कर की. मी काय तुझी चावी धरणार आहे?"

पावणेअकराला तिघं टेकडीवर पोचली. बायकोने दोरीला पाण्याची अर्धी भरलेली बाटली बांधली, दोन पावलं मागे सरली आणि एका फेकीत तार झाडाच्या सर्वांत उंच फांदीवरून पलीकडे टाकली. बाकावर बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. ग्रंथपालांनी सतरंजी अंथरली, रेडिओ मांडला, मीटर लावून एकेक सेल तपासला. दहाच्या दहा ठणठणीत. आई शेजारच्या बाकावर टेकली आणि पिशवीतून मशीन काढू लागली.

अकराच्या ठोक्याला दीपगृहवाल्याची टकटक आली, स्वच्छ, घरात बसून ऐकावी तशी. "आहेस का?" ग्रंथपालांचा चेहरा उजळला. त्यांनी चावीवर बोट ठेवलं, दाबलं, आणि रेडिओ विझला.

चार सेकंदांनी तो आपोआप उठला आणि त्याने नमस्काराचं आपलं पिप्‌-पिप्‌ वाजवलं, जणू पहिल्यांदाच भेटतोय. पलीकडून पुन्हा: "आहेस का?" ग्रंथपालांनी पुन्हा चावी दाबली. रेडिओ पुन्हा विझला, पुन्हा उठला, पुन्हा नमस्कार केला.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"ऐकू येतंय, पण बोलता येत नाही."

"लग्नात असं होतं," बाकावरचा एक म्हातारा म्हणाला.

ग्रंथपालांनी सेल काढले, रुमालाने पुसले, घातले. तेच. खोडरबराने त्यांची टोकं घासली. तेच. मीटर लावला, मीटर म्हणे दहाही पैलवान आहेत. ऐकायला वीज चिमूटभर लागते, पाठवायला ओंजळभर, आणि ती ओंजळ मागितली की कुणीतरी हात वर करत होतं. कोण, ते नुसत्या मीटरला कळत नाही. काम सांगितल्याशिवाय कामचुकार ओळखू येत नाही, हे ग्रंथपालांना कार्यालयात माहीत होतं, टेकडीवर आठवलं नाही.

अकरा वाजून दहा मिनिटं. दीपगृहवाला धीराचा माणूस. उत्तर नाही म्हणून तो थांबला नाही; ऐकत असशील असं धरून चालतो, असं म्हणून तो एकटाच बोलू लागला. घर आवरून झालं. कपबशी एकच बाहेर ठेवली आहे. खिडकीत उभा आहे. ग्रंथपाल ते एकेक अक्षर ऐकत होते. चौदा वर्षांत त्याने हाक मारली आणि यांनी ओ दिली नाही, असं कधी झालं नव्हतं.

एवढ्यात शेजारच्या बाकावरून 'घुर्रर्र' असा जोरकस आवाज आला. आईच्या दंडावरचा पट्टा फुग्यासारखा टम्म फुगला.

ग्रंथपालांनी मान वळवली. हे मशीन त्यांच्या ओळखीचं होतं. महिना दीड महिना ते कण्हत कण्हत अर्धवट फुगे आणि मग आकड्यांऐवजी चूक झाल्याची खूण दाखवून गप्प बसे. आईने सेल बदलून मागितले होते. तिचा रीतसर अर्ज रजिस्टरमध्ये तीनदा लिहिलेला होता आणि शेऱ्याच्या रकान्यात तीनदा 'विचाराधीन' असं होतं.

"आई, मशीन बरं चालतंय."

"सुसाट. काल नवे सेल घातले ना."

"कुठले नवे सेल?"

"तुझ्या डब्यातले. चारच घेतले. आणि रिकामी जागा नको म्हणून मशीनमधले चार तिथे ठेवले. दहाचे दहा आहेत की नाही? मोज. मी काय चोर आहे?"

ग्रंथपालांचा आवाज चिरकला. "आई, ते सेल काढ. आत्ता. ताबडतोब."

मशीनने टुंग केलं. आईने आकडा वाचला. "एकशे अडुसष्ट. बघ, तू ओरडलास म्हणून. हा आता धरता येणार नाही."

"धर किंवा नको धरू, पण सेल दे."

"असं कसं? डॉक्टरांनी सांगितलंय, तीनदा बघायचं, मध्ये पाच-पाच मिनिटं सोडायची आणि सरासरी लिहायची. कालपर्यंत मशीन चालत नव्हतं म्हणून महिनाभर वही कोरी आहे. उद्या डॉक्टरांना काय दाखवू, तुझं रजिस्टर?"

"आई, तो माणूस साडेअकराला जाणार आहे गं. कायमचा."

आईने दंड हलवला नाही. पण तिने सतरंजीवरच्या रेडिओकडे पाहिलं, आणि तिचा स्वर खाली आला. "मग शांत बस. तू तडतडलास की माझं चढतं, चढलं की परत मोजायचं. जितका गप्प बसशील तितकं लवकर होईल."

पुढची दहा मिनिटं त्या टेकडीवर एक माणूस आपल्या आईचा रक्तदाब उतरावा म्हणून मांडी घालून हसत बसला होता. हसताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. रेडिओतून टकटक चालू होती, आणि ती काय म्हणतेय ते एकट्याला कळत असूनही चेहऱ्यावर काही दाखवायचं नव्हतं. "काय म्हणतायत भावजी?" बायकोने हळूच विचारलं.

"म्हणतोय, पलंग मुलाने आधीच नेला, काल जमिनीवर झोपलो." ग्रंथपाल दात न उघडता बोलले. "म्हणतोय, तुझ्याकडची वीज गेली असेल."

"दुसरं एकशे बावन्न," आई म्हणाली. "गोड काहीतरी बोला कुणीतरी."

बायकोने शाळेतल्या एका पोराची गोष्ट सांगितली, जो धावण्याच्या शर्यतीत वळायचं विसरला आणि थेट घरी गेला. आई हसली. म्हातारे हसले. ग्रंथपालही हसले, पण घड्याळाकडे बघून.

"एकशे अडतीस," आईने जाहीर केलं तेव्हा अकरा वाजून एकवीस मिनिटं झाली होती. ग्रंथपाल झडप घालायला उठले, तर आईने मशीन पोटाशी धरलं आणि पिशवीतून वही-पेन काढलं.

"सही."

"आई..."

"सेल चार. घेणाऱ्याचं नाव. कारण. परत कधी देणार. मी तीनदा लिहिलं होतं, तू एकदा लिही."

ग्रंथपालांनी लिहिलं. कारणाच्या जागी 'मित्र' एवढंच लिहिलं. आईने चष्म्यातून ते वाचलं आणि मशीनचं झाकण उघडून दिलं.

आता दहातले जुने चार कुठले, हा प्रश्न होता. "कुठल्या खणातले घेतलेस?" "पहिल्या ओळीतले शेवटचे. मधे भोकं पडलेली बरी दिसत नाहीत." आईच्या टापटिपीबद्दल ग्रंथपालांना आयुष्यात पहिल्यांदा कृतज्ञता वाटली. सेल डब्यातून रेडिओच्या पेटीत त्यांनी खणांच्या क्रमानेच घातले होते. त्यांनी चार काढले, चार घातले. चावी दाबली. काहीच नाही, आता तर दिवाही नाही.

"अहो, तिसऱ्याचं डोकं खाली आहे," बायको म्हणाली.

तिसऱ्याचं डोकं वर झालं. दिवा लागला. अकरा पंचवीसला ग्रंथपालांनी चावी दाबली आणि टेकडीवरून टकटक निघाली, एक अक्षर, दोन अक्षरं, आपलं पूर्ण नाव. रेडिओ विझला नाही.

पलीकडून लगेच: "कुठे होतास पंचवीस मिनिटं?"

"आईचं प्रेशर मोजत होतो."

"किती?"

"एकशे अडतीस."

"छान. माझं दीडशे."

पाच मिनिटांत चौदा वर्षांचं काय बोलणार? कपबशीबद्दल बोलले. गुडघ्याबद्दल बोलले. दहाव्या मजल्यावर लिफ्ट आहे का, असं ग्रंथपालांनी विचारलं. आहे, म्हणजे गुडघ्याची सोय झाली. मग दीपगृहवाला म्हणाला, "मुलगा गच्चीवर चढला. ऐक. तिथे तार नाही लावता येणार, म्हणजे मला पाठवता येणार नाही. पण खिशातला छोटा रेडिओ खिडकीत ठेवून ऐकता येईल. ऐकायला काय लागतं? दोन सेल. आज तू गप्प होतास आणि मी बोलत होतो. आता तू बोल. रविवारी अकराला मी आहे."

आणि एक टिंब आलं. ग्रंथपालांनी एक टिंब दिलं. त्यानंतर नुसती खरखर. आईने विचारलं, "झालं?" ते "झालं" म्हणाले आणि खूप वेळ तार गुंडाळत बसले, जी बायकोने आधीच गुंडाळली होती.

घरी गेल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते आईच्या मशीनसाठी चार नवे सेल आणायचं, सहीशिवाय. दुसरं, खणांवरचा विश्वास सोडून दहाही सेलांवर क्रमांकाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या.

पुढच्या रविवारी ते पुन्हा टेकडीवर गेले आणि अर्धा तास एकटेच टकटकत राहिले. पुस्तकं, रंगारी, आईचं प्रेशर. शेवटी एक टिंब दिलं आणि सवयीने उत्तराची वाट पाहिली. उत्तर कुठून येणार? खिडकीतला रेडिओ लागतो की नाही, तो माणूस तिथे बसलाय की मुलाबरोबर बाजारात गेलाय, काही कळायला मार्ग नव्हता. म्हाताऱ्यांपैकी एकाने विचारलं, "कुणाशी बोलता?" आणि ग्रंथपाल तार गुंडाळू लागले. परतताना ते बायकोला म्हणाले, "भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं गं. पुढच्या रविवारी बघू, जमलं तर."

गुरुवारी पोस्टकार्ड आलं. अक्षर अनोळखी होतं. चौदा वर्षांत पहिल्यांदाच पाहिलेलं. कार्डावर एवढंच होतं: "या रविवारी, शेवटच्या पाच मिनिटांत तुझा सूर घसरत होता. दहातला एक सेल अशक्त आहे. बदल." आणि खाली, सहीच्या जागी, शाईचं एक टिंब.

"पेन गळालंय वाटतं," बायको म्हणाली. ग्रंथपालांनी मान हलवली.

मग त्यांनी डबा काढला. एक ते दहा, सगळ्या चिठ्ठ्या जागच्या जागी. त्यांनी एकेका सेलावर टॉर्चचा दिवा जोडून काम सांगून पाहिलं. सातवा दोन मिनिटांत पिवळा पडला. सात क्रमांकाची चिठ्ठी जरा वाकडी होती.

"आई."

"अरे, माझ्या खोलीतलं घड्याळ मागे पडत होतं," आई आतून म्हणाली. "एकच घेतला. आणि यावेळी तुझ्या नियमाने केलं हो. चिठ्ठी अलगद सोडवली आणि घड्याळातल्या सेलावर लावून ठेवली. सात नंबर डब्यात हवा ना?"

ग्रंथपाल आईच्या खोलीत गेले. घड्याळ बिनचूक चाललं होतं.

"हवा का परत?" आईने विचारलं. "काढते."

"नको. राहू दे. सूर घसरला की कार्ड येतं."

त्यांनी कपाटातून निळं रजिस्टर काढलं, पोस्टकार्ड आत ठेवलं आणि सात क्रमांकाच्या नोंदीसमोर शेऱ्याच्या रकान्यात वळणदार अक्षरात लिहिलं: 'अशक्त. बदलू नये.'